बॅटलशिपचा ब्रिज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या टेबलावर फुसो नावाच्या जपानी बॅटलशिपचं (म्हणजे मोठ्या तोफांची चिलखती युद्धनौका) १/७०० स्केलचं मॉडेल दोन वर्षं अर्धवट पडून आहे. घरी येणारा प्रत्येक जण तिच्या त्या वेड्यावाकड्या मनोऱ्याकडे बोट दाखवतो आणि प्रश्न ठरलेले असतात, की हे काय आहे, इथं कप्तान बसतो का, स्टिअरिंग कुठंय. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. बोलणं मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या मोठ्या जहाजांबद्दल आहे, मधेमधे थोडं मागं जावं लागेल.

ब्रिज म्हणजे पूल ना? जहाजावर पूल कुठून आला?

हो, पूलच. शिडाच्या जहाजात कप्तान मागच्या बाजूच्या डेकवर उभा असायचा कारण सुकाणूचं चाक तिथंच असायचं. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली अजून इंग्लंडात हार्टलपूलला जपून ठेवलीय, तिच्यावर ही जुनी मांडणी बघायला मिळते. मग वाफेची जहाजं आली, त्यांच्या दोन्ही बाजूंना भलीमोठी पाण्याची चाकं, त्या चाकांवर लाकडी पेट्या, आणि एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर जायला मधे एक फळ्यांचा पूल. त्या पुलावरून पुढचं मागचं सगळं मस्त दिसतंय म्हटल्यावर अधिकारी तिथंच उभे राहायला लागले. पुढं चाकं गेली, पाण्याखालचे पंखे आले, पूल मात्र राहिला आणि नावही राहिलं.

मग ब्रिज म्हणजे सिनेमात दाखवतात तशी एक मोठी खोली का?

नाही, आणि हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बॅटलशिपवर "ब्रिज" म्हणजे अख्खी इमारत असते, सात-आठ मजली, प्रत्येक मजल्याचं काम वेगळं. प्रत्येक देशाची आणि प्रत्येक जहाजाची मांडणी निराळी आहे, पण ब्रिटिश जहाजाचा ढोबळ नमुना घेतला तर सगळ्यात वर तोफांचा डायरेक्टर, म्हणजे एक फिरती पेटी जिच्यात अंतर मोजायच्या लांबलचक आडव्या दुर्बिणी. त्याच्या आसपास विमानांवर नजर ठेवणाऱ्यांची उघडी जागा, भरपूर दुर्बिणी, भरपूर थंडी. मग कंपास प्लॅटफॉर्म, कप्तानाची खरी जागा ही. हे नाव का, तर चुंबकी होकायंत्राला आजूबाजूचं लोखंड त्रास देतं म्हणून ते लोखंडाच्या गर्दीपासून लांब, उंचावर ठेवायचे आणि कप्तान होकायंत्रापाशी उभा. जायरो कंपास, म्हणजे चुंबकाशिवाय चालणारं होकायंत्र, आल्यावर ती अडचण कमी झाली तरी नाव तसंच. त्याला लागून किंवा खाली नकाशाची खोली आणि प्लॉट, म्हणजे आपण कुठं आणि शत्रू कुठं हे कागदावर मांडायचं टेबल. आणखी खाली ॲडमिरलचा ब्रिज, बाजूला निशाणं आणि सिग्नलचे दिवे घेऊन उभे असलेल्या पोरांचा डेक, कप्तानाची छोटी केबिन.

सगळं एका खोलीत आणलं असतं तर सोपं पडलं असतं असं वाटतं, पण मग एका गोळ्यात सगळंच गेलं असतं. अर्थात वेगवेगळं ठेवूनही ते बरेचदा गेलंच, ते पुढं येतंय.

सुकाणूचं चाक कुठं असतं?

ब्रिटिश बॅटलशिपवर कप्तानाच्या समोर नसतं! चाक धरणारा माणूस कित्येक मजले खाली, चिलखताच्या आड, बंद खोलीत उभा, त्याला समुद्र दिसत पण नाही. वरून पितळी नळीतून हुकूम येणार, इतके अंश उजवीकडे, तो खालून तोच हुकूम परत म्हणून दाखवणार आणि चाक फिरवणार. वेग बदलायचा तर टेलिग्राफ, म्हणजे तो घंटी वाजणारा पितळी डबा, इंजिनरूममध्ये काटा फिरतो आणि तिथून उत्तर येतं.

अमेरिकन आयोवा वर्गात, म्हणजे आयोवा आणि तिच्याच आराखड्याच्या जहाजांत, चाक ब्रिजच्या मधोमध, पण जाडजूड पोलादी नळकांड्याच्या आत. कप्तान बाहेर उभा राहून फटीतून आत ओरडतो. आणि जर्मन बिस्मार्कवर तर चाकच नव्हतं, दोन बटणं, एक डावीकडे वळायला एक उजवीकडे. ज्या जहाजाचा शेवट सुकाणू अडकल्यामुळं झाला त्या जहाजावर सुकाणू बटणावर चालायचं हे वाचलं तेव्हा मला उगाचच कसंतरी झालं. बटणांचा दोष नव्हता म्हणा, टॉर्पेडो थेट सुकाणूजवळच फुटला होता.

कप्तान आणि ॲडमिरल वेगवेगळ्या मजल्यावर का? भांडतात का?

कामं वेगळी आहेत म्हणून. कप्तान एक जहाज चालवतो, ॲडमिरल अख्खा ताफा. ॲडमिरलला सिग्नलवाले, नकाशे, स्वतःचा स्टाफ लागतो, आणि त्या सगळ्या गर्दीत कप्तानाला "अरे डावीकडे घे" म्हणायचा मोह त्याला होऊ नये हा पण हेतू असावा असं माझं मत आहे, कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसलं तरी. प्रत्यक्षात ॲडमिरल लोक वर यायचेच. २८ मार्च १९४१ च्या रात्री मातापानच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल कनिंगहॅम वॉरस्पाइट या बॅटलशिपवर होता, तोफा सुरू व्हायच्या वेळी तो कप्तानाच्या वरच्या ब्रिजवर उभा होता, कारण तिथून चारी बाजूंचं दिसत होतं. हुद्दा कितीही मोठा असो, तमाशा बघायला माणूस गच्चीवरच जातो.

एवढं उंच कशाला बांधायचं? वाऱ्यानं पडणार नाही?

गणित करून बघा. डोळा पाण्यापासून १० मीटरवर असेल तर क्षितिज साधारण ११ किलोमीटरवर. ३६ मीटरवर नेला की २१ किलोमीटर. आणि समोरच्या जहाजाचा मनोरा पण तेवढाच उंच असेल तर त्याचं टोक सिद्धांतात ४२-४३ किलोमीटरवरून डोकावायला लागतं. आता आयोवाच्या तोफांचा पल्ला ३८ किलोमीटरच्या आसपास, जपानी यामातोचा ४२. म्हणजे गोळा जितका लांब जातो तितकं लांब बघायचं असेल तर उंच चढण्याला पर्याय नाही. तोफा मोठ्या होत गेल्या तसे मनोरे वर गेले, फॅशन म्हणून नाही.

पडण्याचं म्हणाल तर पडलेत. अमेरिकनांनी सुरुवातीला टोपली विणल्यासारखे जाळीचे खांब वापरले होते, एखादी-दुसरी नळी तुटली तरी उभे राहतील या आशेवर, आणि जानेवारी १९१८ मध्ये मिशिगन या बॅटलशिपचा पुढचा खांब वादळात आडवा झाला. नंतर तीन पायांचे खांब आणि मग सरळ पोलादी मनोरे आले.

जपानी जहाजांचे मनोरे असे डोसे रचल्यासारखे का दिसतात?

कारण ते खरोखर एकावर एक रचलेलेच आहेत. फुसो आणि यामाशिरो पहिल्या महायुद्धाच्या काळातली जहाजं, मूळचा साधा तीन पायांचा खांब. पुढं नवीन दुर्बीण आली की एक मजला, नवा सर्चलाइट आला की एक गॅलरी, विमानविरोधी टेहळणी आली की आणखी एक, आणि १९३० च्या दशकातल्या मोठ्या दुरुस्तीनंतर फुसोचा मनोरा पाण्यापासून ४० मीटरच्या वर गेला. आपल्याकडं जुन्या चाळीत प्रत्येक पिढी एक गॅलरी बंद करून खोली काढते ना, डिट्टो तेच. इंग्रजीत याला पॅगोडा म्हणतात.

फुसोचा मनोरा खाली बारीक आणि वर रुंद दिसतो त्याचं कारण तिची तिसरी टरेट, म्हणजे तोफांचा फिरता चिलखती बुरुज, ती पुढं तोंड करून मनोऱ्याच्या अगदी पायाशी बसवलीय, तिच्यासाठी जागा सोडावी लागली. यामाशिरोची तीच टरेट मागं तोंड करून आहे म्हणून तिचा पाया भरभक्कम. मॉडेल करणाऱ्यांनी दोन्ही जहाजं एकाच फोटोवरून करू नका, मी केलंय, आणि सगळं परत उकललं.

यामातोच्या वेळी मात्र त्यांनी नीट विचार करून एक आटोपशीर, गोलाकार मनोरा काढला आणि त्याची रंगीत तालीम आधी हिएई या जहाजाच्या दुरुस्तीत करून बघितली. यामातोवर दोन ब्रिज, वरचा दिवसाच्या लढाईसाठी, खालचा रात्रीच्या लढाईसाठी. डोक्यावर १५ मीटर लांबीचा रेंजफाइंडर. आणि तरी ७ एप्रिल १९४५ ला शेवटच्या दिवशी कप्तान अरुगा या दोन्हीत नव्हता, तो सगळ्यात वर उघड्यावर विमानविरोधी कमांडच्या जागेत उभा होता, कारण विमानं वरून येत होती आणि ब्रिजच्या खिडकीतून आभाळ दिसत नाही.

कॉनिंग टॉवर काय प्रकार आहे? चिलखत होतं तर लोक त्यात का बसले नाहीत?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळं उत्तर लांबणार.

कॉनिंग टॉवर म्हणजे ब्रिजच्या खाली किंवा आत असलेली पोलादी कोठी, लढाई सुरू झाली की कप्तान, सुकाणूवाला आणि दोनचार जणांनी यात जायचं. जाडी ऐका: बिस्मार्क ३५० मिमी, आयोवा ४३९ मिमी, यामातो ५०० मिमी. अर्धा मीटर पोलाद! बघायला फक्त डोळ्याएवढ्या फटी आणि पेरिस्कोप. म्हणजे जीव सुरक्षित पण दुनिया दिसणार पत्राच्या पेटीच्या फटीतून दिसते तेवढी.

आणि खरं तर जीव पण सुरक्षित नाही. रशिया-जपान युद्धात १० ऑगस्ट १९०४ ला पिवळ्या समुद्रात रशियन फ्लॅगशिप (ॲडमिरलचं जहाज) त्सेसारेविचवर जपानी गोळे पडले. ॲडमिरल विटगेफ्ट मारला गेला, आणि गोळ्याचे तुकडे कॉनिंग टॉवरच्या आत घुसून सुकाणूवाला पण गेला, चाक अडकलं आणि जहाज गोल गोल फिरायला लागलं. मागच्या जहाजांना वाटलं हा काहीतरी डावपेच आहे, सगळ्या रांगेचा विचका झाला. पुढच्या वर्षी २७ मे १९०५ ला त्सुशिमाला रशियन ॲडमिरल रोझेस्तवेन्स्की कॉनिंग टॉवरमध्येच होता, फटींमधून आलेल्या तुकड्यांनी जखमी झाला. त्याच लढाईत जपानी ॲडमिरल टोगो मिकासा या आपल्या जहाजाच्या वरच्या उघड्या ब्रिजवर उभा राहिला, लोकांनी आत चला म्हणून विनवलं तरी हलला नाही आणि त्याला काही झालं नाही. नशीब हे खरंच, पण त्या दिवसापासून जगभरच्या आरमारात उघड्यावर उभं राहणं ही इभ्रतीची गोष्ट झाली.

ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धानंतर हिशेब केला की अधिकारी लढाईत तिथं जातच नाहीत, मग एवढं वजन उंचावर कशाला वागवायचं, आणि किंग जॉर्ज पाचवा वर्गाच्या जहाजांवर कॉनिंग टॉवरची जाडी फक्त ७५ ते १०० मिमीवर आणली, तुकडे अडवण्यापुरती. जर्मन, जपानी, अमेरिकन जाड भिंतीवर ठाम राहिले. कोण बरोबर? एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंची परीक्षा झाली, पुढचा प्रश्न बघा.

ब्रिजवरच गोळा पडला तर जहाज कोण चालवतं?

२४ मे १९४१, ग्रीनलंड आणि आइसलँडमधली डेन्मार्कची सामुद्रधुनी. ब्रिटिशांची हूड आणि प्रिन्स ऑफ वेल्स विरुद्ध बिस्मार्क. हूड फुटून बुडाली, १,४१८ पैकी तिघं वाचले, त्यातले ब्रिग्ज आणि डंडास हे दोघं कंपास प्लॅटफॉर्मवरचे होते. एवढ्या उंचावरचे म्हणून वाचले असतील की कसं, मला नेहमी वाटतं, पण त्याच प्लॅटफॉर्मवरचे ॲडमिरल हॉलंड आणि कप्तान कर नाही वाचले.

काही मिनिटांत बिस्मार्कचा १५ इंची गोळा प्रिन्स ऑफ वेल्सच्या कंपास प्लॅटफॉर्ममधून आरपार गेला. तो नीट फुटलाही नाही, नुसता घुसून बाहेर पडला, तरी तिथं उभे असलेले जवळजवळ सगळे गेले. कप्तान लीच आणि एक-दोघं वाचले. खालच्या मजल्यावर प्लॉटच्या टेबलाशी बसलेल्यांना आधी कळलंच नाही, वरून नळीतून रक्त नकाशावर ठिबकायला लागलं तेव्हा कळलं. ज्या नळीतून हुकूम यायचे तीच नळी. तिथं १०० मिमी काय आणि ३५० काय, ती माणसं कॉनिंग टॉवरमध्ये नव्हतीच.

तीन दिवसांनी, २७ मे. (त्सुशिमाला बरोबर ३६ वर्षं.) बिस्मार्कची शेवटची लढाई सकाळी ८:४७ ला सुरू झाली आणि नऊ वाजून दोनचार मिनिटांनी ब्रिटिश बॅटलशिप रॉडनीच्या गोळ्यांनी पुढचा मनोरा उद्ध्वस्त केला, ३५० मिमी असूनही पुढच्या ब्रिजवरून त्यानंतर काही हुकूम आल्याचं दिसत नाही. तोफांचा ताबा मागच्या डायरेक्टरमध्ये बसलेल्या म्युलेनहाइम-रेशबेर्गकडे आला, त्यानं थोड्या सॅल्व्हो (एकदम सुटणाऱ्या तोफांच्या फैरी) मारल्या तोवर त्याचाही डायरेक्टर गेला. नंतर प्रत्येक टरेट आपापल्या मर्जीनं. जहाज तरंगत होतं, इंजिन चालू होतं, पण डोकं नव्हतं.

दुसरी फळी असतेच, ते सांगायचं राहिलं. मागच्या बाजूला एक छोटा पर्यायी ब्रिज असतो, शिवाय थेट सुकाणूच्या यंत्राशी हातानं चालवायची सोय. याचं सगळ्यात भारी उदाहरण बॅटलशिपचं नाही, क्रूझरचं, म्हणजे बॅटलशिपपेक्षा लहान युद्धनौकेचं, आहे: १३ डिसेंबर १९३९, दक्षिण अमेरिकेजवळची रिव्हर प्लेटची लढाई, ब्रिटिश एक्झेटरच्या पुढच्या टरेटवर गोळा फुटून तुकड्यांनी ब्रिज झाडून काढला, कप्तान बेल आणि दोघं उभे राहिले. बेल जखमी अवस्थेत मागं गेला, तिथले फोन बंद, मग खलाशांची साखळी उभी केली आणि एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात असे हुकूम सुकाणूपर्यंत पोचवले. दिशा बघायला होकायंत्र कुठलं, तर छोट्या होडीतलं.

ब्रिज उघडा असायचा की काचा होत्या?

दोन्ही. उघड्यावरून दिसतं छान, ऐकू येतं छान, आणि न्यूमोनिया पण छान होतो. ब्रिटिशांना विनाशिका आणि क्रूझरवर उघडे ब्रिज फार प्रिय, बॅटलशिपवर बऱ्याच ठिकाणी खिडक्या होत्या. आयोवा वर्गातल्या पहिल्या जहाजांचे ब्रिज सुरुवातीला उघडे गोलाकार होते, युद्ध संपता संपता ते बंद आणि चौकोनी केले.

काचांचा त्रास वेगळाच. ब्रिटिश नेल्सन आणि रॉडनीवर सगळ्या नऊच्या नऊ मोठ्या तोफा ब्रिजच्या पुढं, त्यामुळं तिसरी टरेट जरा मागं वळवून उडवली की स्वतःच्याच ब्रिजच्या काचा फुटायच्या. या दोन जहाजांचा ब्रिज म्हणजे एक सरळसोट ठोकळा, खलाशी त्याला लंडनमधल्या एका उंच इमारतीवरून क्वीन ॲन्स मॅन्शन्स म्हणायचे.

तोफा ब्रिजवरून उडवतात का?

नाही. ब्रिजवरून फक्त "त्याला मारा" एवढंच ठरतं. निशाणा सगळ्यात वरच्या डायरेक्टरमधून, आकडेमोड सगळ्यात खाली, पाण्याच्या पातळीखाली चिलखती डेकच्या आड, तिथं दातेरी चाकांचा यांत्रिक कॉम्प्युटर आपला वेग, त्याचा वेग, वारा, अंतर सगळं दळत असतो. म्हणजे डोळे गच्चीत, मेंदू तळघरात आणि कप्तान मधल्या मजल्यावर.

मग बोलणं कसं चालायचं?

पितळी नळ्या, टेलिफोन, आणि अमेरिकनांकडे एक झकास वस्तू: बोलण्याच्या आवाजातूनच वीज तयार होऊन चालणारे फोन, बॅटरी नको, लाइट गेली तरी चालू. ते कानाला लावून उभा राहणारा खास माणूस असायचा आणि त्यानं शब्द न बदलता पुढं सांगायचं, बास.

रडार आल्यावर ब्रिजचं महत्त्व कमी झालं का?

हळूहळू, हो. १४-१५ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटापाशी हे एकाच लढाईत दोन्ही बाजूंनी दिसतं. अमेरिकन बॅटलशिप साउथ डकोटाची वीज गेली, रडार बंद, मग वरच्या मनोऱ्यावर गोळ्यामागून गोळा. जहाज बुडायच्या जवळपासही नव्हतं पण आंधळं आणि मुकं झालं. तिच्याचबरोबर असलेल्या वॉशिंग्टनवर ॲडमिरल ली होता, रडार कोळून प्यालेला माणूस, त्यानं जपानी बॅटलशिप किरिशिमाला अंधारात गाठून संपवलं.

त्याआधी दोनच रात्री तिथंच जहाजं इतक्या जवळून भिडली होती की सॅन फ्रान्सिस्को क्रूझरच्या ब्रिजवर ॲडमिरल कॅलहन आणि कप्तान यंग दोघंही मेले आणि समोर हिएईवर ॲडमिरल आबे जखमी होऊन त्याचा चीफ ऑफ स्टाफ गेला. तोच हिएई, तोच तालमीचा मनोरा.

१९४३ पासून अमेरिकन जहाजांवर लढाईची माहिती एका बंद अंधाऱ्या खोलीत एकत्र यायला लागली, रडारचे गोल पडदे, काचेच्या पाटीवर मागून उलटं लिहिणारी पोरं. आजच्या युद्धनौकांवर लढाई त्याच खोलीतून चालते, ब्रिजवरून नाही. पण त्या वेळचे बरेच कप्तान तिथं बसायला तयार नव्हते, खिडकी नसलेल्या खोलीतून जहाज चालवायचं ही कल्पनाच त्यांना पटेना.

झोप, जेवण वगैरे?

ब्रिजलगत एक बारकी केबिन, एक पलंग, एक बेसिन. समुद्रावर असताना कप्तान तिथंच पडायचा, मागची ऐसपैस केबिन बंदरात पाहुण्यांसाठी. रात्रपाळीला ब्रिटिश जहाजांवर काय नावाचा घट्ट कोको मिळायचा, ठोकळा किसून केलेला. ("काय" हेच नाव आहे, प्रश्न नाही!) उजेड लाल किंवा अगदी मंद, नाहीतर बाहेर अंधारात बघायची डोळ्याची सवय मोडते.

भारताकडं कधी बॅटलशिप होती का?

नाही. पण रिव्हर प्लेटच्या लढाईतली एक्झेटरची जोडीदार अकिलीस १९४८ ला आपल्याकडं आली आणि आयएनएस दिल्ली झाली. लढाईत तिच्या ब्रिजवरही तुकडे येऊन कप्तान पॅरी जखमी झाला होता. १९५६ साली त्या लढाईवर सिनेमा आला त्यात दिल्लीनं स्वतःचीच, म्हणजे अकिलीसची भूमिका केली. १९७८ ला भंगारात गेली. ठेवायला हवी होती, असो.

खरा ब्रिज बघायचा तर कुठं जायचं?

जपानला जाणार असाल तर योकोसुकाला मिकासा, टोगो उभा होता ती जागा बघता येते. बाकी जवळपास सगळं अमेरिकेत: मिसूरी पर्ल हार्बरला, आयोवा लॉस एंजेलिसला, विस्कॉन्सिन नॉरफोकला, आणि एडिसन वगैरे भागात राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर न्यू जर्सी घराजवळ, कॅमडेनला, फिलाडेल्फियाच्या समोर नदीपलीकडं. तिथं गेलात तर ब्रिजवर नुसते फोटो काढून उतरू नका, मधल्या पोलादी कोठीचा दरवाजा असतो तिथं उभं राहून भिंतीची जाडी वितीनं मोजा, दोन विती भरते.

आणि टेक्सास, टेक्सास राज्यातच. २५ जून १९४४ ला फ्रान्सच्या शेरबुर्गसमोर जर्मन तोफेचा गोळा तिच्या कॉनिंग टॉवरच्या माथ्याला घासून वर ब्रिजखाली फुटला. कप्तान बेकर वाचला, सुकाणूवाला गेला. दोन्ही महायुद्धं केलेल्या त्या जहाजावर शत्रूच्या गोळ्यानं मेलेला तो एकटाच.